बेगड लावलेली सायकल

द्रौपदा अक्काला काळजी करायला कारण लागत नसे. दूध उतू गेलं तरी तिकडे सुरतेला नवऱ्याचं काही बरंवाईट झालं असेल, असं तिच्या मनात यायचं. मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहते, त्यामुळे तिची निम्मी काळजी मला फुकटात ऐकायला मिळायची. मी हसायचे आणि ती चिडायची. पण अठ्ठ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात तिला जी काळजी लागली, ती काही मला हसण्यावारी नेता आली नाही. तिची विमल त्या वर्षी टायपिंगच्या क्लासला धुळ्याला जायला लागली. जायची सायकलवर, आणि परत यायची अंधार पडल्यावर.

विमल बारावी झालेली. टायपिंग आलं तर कुठे तरी चिकटेन, असं तिनं डोक्यात घेतलेलं. दिवसा कापूस वेचायला घरात दुसरे हात नव्हते, म्हणून क्लासची वेळ संध्याकाळची. सायकल तिच्या बापानं सुरतेहून जुनी घेऊन एसटीच्या टपावर टाकून आणली होती. पुढे डायनामोचा दिवा, मागे मडगार्डवर लाल काच. धुळ्यात बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस चाकातली हवा सोडतो, म्हणून बापानं दिवा आधी नीट करून दिला आणि मगच तो परत सुरतेच्या गाडीत बसला.

आमचं गाव मुंबई-आग्रा हायवेच्या पलीकडे. धुळ्याकडून येणारा जुना रस्ता शेताशेतातून येतो आणि फाट्यावर हायवेला आडवा लागतो. हायवे ओलांडला की गाव. ओलांडायचा म्हणजे दोन्हीकडून ट्रक सुसाट येत असतात, त्यातून वाट काढायची. फाट्यावर मोतीलालचं चहाचं हॉटेल आहे. त्याच्या एका बल्बचा उजेड बाकड्यांपुरता, रस्त्यापर्यंत काही येत नाही. त्या बाकड्यांवर संध्याकाळी रिकामटेकडी मंडळी बसलेली असते. कोण आलं, कोण गेलं, कोणाबरोबर गेलं, याची त्यांना फार काळजी.

अक्काला भीती होती ती त्या बाकड्यांची.

"अक्का, मला तर त्या ट्रकांचीच भीती वाटते," मी एकदा म्हटलं.

"ट्रकले का डोया ऱ्हातस?" ती म्हणाली. "भ्याव वाटस ते मानसेसनं."

नवरा परगावी, घरात वयात आलेली मुलगी, आणि गाव म्हणजे गाव. तिची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. मीही त्याच बाकड्यांसमोरून मान खाली घालून जाते.

त्याआधीच्या थंडीत त्याच फाट्यावर झुलाल नानांना टेम्पोनं उडवलं होतं. नाना सायकलला दुधाच्या किटल्या लावून धुळ्याला जायचे. पाय मोडला तो मोडला, तेव्हापासून ते ओट्यावर खाटेवर बसून असतात. टेम्पोवाला पळून गेला नव्हता. तो तिथेच डोक्याला हात लावून रडत होता, 'दिसलेच नाहीत, दिसलेच नाहीत' म्हणत होता. गावानं त्याला खोटारडा ठरवला. नानांनी मात्र ठरवला नाही.

"पुढे मना दिवा व्हता, मांगे लाल काच व्हती," नाना विमलला सांगायचे. "पन तो उना बाजूथीन. बाजूले काय व्हतं? मनी काळी घोंगडी. त्याले काय दिसी? पोरी, तू चाकेसले काहीतरी चमकतं बांध."

विमलनं ऐकलं. घरात पोळ्याचं बेगड उरलेलं होतं. बैलांच्या शिंगांना आपण चिकटवतो ना, तो चकाकणारा कागद. त्याच्या पट्ट्या कापून तिनं दोन्ही चाकांच्या तारांना गुंडाळल्या, वर दुधाच्या पांढऱ्या पिशवीच्या चिंध्या बांधल्या. मला म्हणाली, "काकू, बाजूला उभी राहून बॅटरी मार." मी गल्लीच्या टोकाला उभी राहिले आणि बॅटरी मारली. ती समोरून आडवी गेली. अंधारात दोन चांदीची चाकं गेली, असं वाटलं. मला इतकं बरं वाटलं की मी उगाच दोनदा तिला फिरायला लावलं.

अजून एक गोष्ट तिनं मला दाखवली, ती मला ठाऊकच नव्हती. डायनामो चाकावर चालतो. चाक थांबलं की दिवा गेला. म्हणजे फाट्यावर हायवेच्या कडेला पोर थांबते, सायकल हातात धरून चालत ओलांडते, तेव्हा नेमका पुढचा दिवा मेलेला असतो. "बेगड कसं, काकू, त्याला फिरायलाही नको आणि बटणही नको," ती म्हणाली. "उजेड पडला की चमकतं."

चार दिवस ती चमकत आली आणि पाचव्या दिवशी बोभाटा झाला. मोतीलालच्या हॉटेलातून कोणीतरी ओरडलं, "पोळा उना रे, पोळा!" आणि दुसऱ्यानं शिट्टी मारली. विमलनं घरी काही सांगितलं नाही. पण सकाळी नळावर गोष्ट माझ्याआधी अक्काच्या कानावर गेली होती.

अक्कानं सायकल अंगणात आडवी पाडली आणि पट्ट्या ओरबाडून काढल्या. बोटाला तार लागून रक्त आलं तरी थांबली नाही.

"बैल शे का तू? शिंगे रंगाडीसन गावमा फिरसी?"

"माय, पुढून मी दिसस, मांगून दिसस. बाजूथीन दिसत नही व."

"नको दिसू! तेच पाहिजे माले. झाकली मूठ सव्वा लाखनी."

मग तिनं ट्रंकेतून नवऱ्याची शाल काढली. कॉफीच्या रंगाची, जवळजवळ काळीच. डोक्यावरून घ्यायची, तोंडावरून घ्यायची, खाली पार गुडघ्यापर्यंत सोडायची. दिवा राहू दे, लाल काच राहू दे, तो सरकारचा नियम. पुढचा उजेड रस्त्यासाठी, मागची काच पोलिसासाठी, आणि मधली पोरगी कोणालाच दिसायला नको, असा तो सगळा कारभार.

मी मध्ये पडले. म्हटलं, "अक्का, झुलाल नानांकडे बघ. लोकांच्या तोंडाला घाबरून पोरीला काळ्यात काय गुंडाळतेस?"

ती फटकन म्हणाली, "तुले पोर नही. तुले काय समजस?"

मला मूल नाही, हे इतक्या वर्षांत ती कधी बोलली नव्हती. मला फार लागलं. मी घरात निघून आले आणि कितीतरी दिवस तिच्या ओट्याकडे बघितलं नाही. पण संध्याकाळ झाली की माझेही कान रस्त्याकडे लागायचे. ती तिच्या दारात उभी, मी माझ्या दारात उभी, दोघी एकमेकींकडे न बघता डायनामोची घरघर ऐकायला थांबलेल्या. हायवेवर एखाद्या ट्रकनं ब्रेक मारला की दोघींचा हात एकदमच चौकटीवर जायचा. मग गल्लीत घरघर यायची, काळ्या शालीतून विमलचं नाक दिसायचं, आणि अक्का लगेच रागावून विचारायची, "इतला उशीर कसाले?" मी दार लावून घ्यायचे.

अबोला सुटला तो मिरच्यांमुळे. सोनगीरच्या बाजाराला मिरच्या न्यायच्या होत्या आणि अभिमनच्या मॅटॅडोरमध्ये जागा एकत्रच करावी लागली. अभिमन आमच्याच गावचा, शांत पोरगा, गाडी जपून चालवणारा. परत येताना टोपल्यांबरोबर बाकीच्या बाया मागे बसल्या आणि आम्हा दोघींना त्यानं पुढे आपल्या शेजारी बसवलं. मी मध्ये, अक्का दाराशी. वाटेत चाक पंक्चर झालं, त्यात अंधार पडला. अक्काचा जीव थाऱ्यावर नव्हता. आज तिला दारात उभं राहायला मिळणार नव्हतं.

मी कधी रात्रीच्या गाडीत पुढे बसले नव्हते. एसटीत आपण मागे कुठे तरी, डुलक्या घेत. इथे काचेतून समोर बघत बसले. दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता, तेवढंच जग. समोरून ट्रक आला की तेवढंही जग जायचं, नुसता पांढरा भपका. तो गेला की डोळ्यांपुढे काळोख, आणि अभिमन मात्र त्याच काळोखात गाडी घालत होता.

"तुले दिसस का रे काही?" मी विचारलं.

"अंदाजवर चालाडनी पडस, काकू," तो म्हणाला. "बैलना डोया चमकतस, ते दूरथीन दिसतस. मानूस दिसत नही."

अक्काचं लक्ष नव्हतं. ती काचेला नाक लावून बसली होती. फाटा जवळ आला तशी ती पुढे झुकली.

"अभिमन, फाटावर हळू ले रे भाऊ. मोतीलालना आठे कोन कोन बसेल शे, दखू दे माले."

अभिमननं गाडी हळू केली. हॉटेलचा बल्ब दिसला, बाकड्यांवर पाचसहा डोकी दिसली. जुन्या रस्त्याच्या तोंडाशी नुसता अंधार. अक्कानं इकडून तिकडे नजर फिरवली आणि सुटकेचा श्वास सोडला.

"नही दिसनी. पोचनी व्हई घर," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली आणि किती दिवसांनी हसली. "दख सुमन, मी माय शे तिनी. मालेच दिसनी नही, ते त्या मेलेसले काय दिसी?"

तेवढ्यात समोरून ट्रक आला. सगळं पांढरं झालं. तो धडधडत बाजूनं गेला, काळोख पडला, आणि त्या काळोखातलाच एक तुकडा आमच्या दिव्यासमोर हलला.

अभिमन ओरडला. त्यानं ब्रेकवर उभं राहूनच गाडी दाबली. मागे टोपल्या कोसळल्या, बाया किंचाळल्या, अक्काचं कपाळ काचेवर आपटलं. इंजिन बंद पडलं. समोर लोखंड रस्त्यावर पडल्याचा आवाज झाला आणि मग काहीच आवाज नाही.

अभिमनचे हात स्टेअरिंगवर तसेच. दार उघडून पहिली उतरली ती अक्का. कपाळातून रक्त येत होतं, पण तिला ते कळलंही नव्हतं. माणूस फार घाबरला की त्याला राग येतो. अक्काला तर नेहमीच यायचा. गाडीच्या दिव्यापुढे एक सायकल पडली होती आणि तिच्या पलीकडे शालीचं एक गाठोडं उठून बसायला बघत होतं. परकर दिसला म्हणून मुलगी आहे एवढं कळलं.

"कोनी आंडेर शे व तू?" कोणाची लेक तू, असं विचारत अक्का अंगावर धावून गेल्यासारखी ओरडली. "अंधारामा काळं पांघरीसन मरानं शे का? आनि तुन्ही माय कशी शे? इतली आंधळी? माय शे का वैरीन शे? तुले असं गुंडाळीसन रस्तावर सोडस, तिले सांग, पोर नको व्हती ते—"

"माय," गाठोडं म्हणालं. "मीच शे."

शाल खाली पडली. विमल होती. कोपर सोललेलं, ओठ पांढरे पडलेले. सायकलचं पुढचं चाक आमच्या दिव्यात अजून फिरत होतं आणि तारांवर काही म्हणजे काही नव्हतं.

अक्का हायवेच्या मधोमध मटकन खाली बसली. मी उतरले, विमलला पोटाशी धरलं, तिचे हातपाय चाचपले. सगळं जागेवर होतं. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. पोर नाही म्हणून काय झालं.

बाकड्यांवरचे सगळे धावत आले. एकानं सायकल उचलली, एकानं पाणी आणलं, मोतीलाल हातात कंदील घेऊन हायवेवर उभा राहिला आणि येणारे ट्रक थांबवू लागला. त्यातला एक दीडशहाणा म्हणालाच, "आमले ते वाटनं, कोनी म्हतारी शे." कोणी हसलं नाही. अभिमन एकच वाक्य परत परत बोलत होता, "हळू नसती ते गयती काकू, हळू नसती ते गयती." गाडी हळू होती ती अक्काला बाकड्यांवरची माणसं बघायची होती म्हणून. हे त्याला कोणी सांगितलं नाही.

घरी आल्यावर अक्कानं विमलला हळद लावली, जेवायला वाढलं, स्वतः जेवली नाही. भिंतीपलीकडून मला ट्रंक उघडल्याचा, डबे सरकवल्याचा आवाज येत राहिला. सकाळी ती माझ्या दारात उभी. कपाळावर टेंगूळ, डोळे सुजलेले.

"तुन्हा घर बेगड शे का व, सुमन?"

पोळा होऊन तीन महिने झाले होते. माझ्याकडे मूठभर निघालं. मग ती घरोघर गेली. ज्यांच्याकडे कधी मीठही मागितलं नाही, त्या बायांकडेही गेली. कोणी विचारलं कशाला, तर सरळ सांगायची, "पोरनी सायकलले." झुलाल नानांनी खाटेखालून शिंगांना लावायचा पांढरा वार्निश काढून दिला. आम्ही दोघींनी अंगणात बसून सायकलच्या बाजू रंगवल्या. मडगार्ड, साखळीचं झाकण, दांडा, सगळं पांढरं. चाकांना बेगड. शाल तिनं ट्रंकेत टाकली आणि नवऱ्याचं पांढरं उपरणं विमलच्या खांद्यावर ठेवलं.

"दिसीन ते लोके बोलतीन," ती मध्येच म्हणाली. तिचा हात थांबला.

"बोलू देत," मी म्हटलं.

"तू म्हनस बोलू देत." तिनं पट्टी आवळली. "माले दोन्ही बाजूथीन भ्याव वाटस, सुमन. काय करू?"

तिनं मला त्या दिवशीचं बोलणं परत घेतलं असं काही म्हटलं नाही. पट्टी कापून झाली की कात्री माझ्याकडे द्यायची, एवढंच. मला ते पुरलं.

संध्याकाळी ती म्हणाली, "चाल." मी विचारलं नाही कुठे. जन्मात ती कधी मोतीलालच्या हॉटेलाशी थांबली नव्हती. आज पदर घट्ट करून बल्बखाली जाऊन उभी राहिली. बाकड्यावरच्यांनी पाय जवळ घेतले. मोतीलालनं विचारलं, "अक्का, चहा?" तिनं मान हलवली. ती जुन्या रस्त्याकडे बघत होती.

ट्रक येत होते, जात होते. प्रत्येक वेळी तिचा श्वास अडकायचा तो मला ऐकू यायचा. मग पलीकडे शेतांतून एक बारीक दिवा हलत आला. हायवेच्या कडेला आला, थांबला आणि विझला. अक्कानं माझं मनगट धरलं. पलीकडे विमल उभी आहे एवढंच आम्हाला ठाऊक होतं, दिसत काही नव्हतं. धुळ्याकडून एक ट्रक येत होता.

त्याचा उजेड तिच्या बाजूवर पडला. आधी चाकं उजळली, मग पांढरा दांडा, मग उपरणं, मग सगळी विमल. ट्रकनं लांबूनच दिवे खाली-वर केले आणि वेग कमी केला. विमल सायकल हातात धरून ओलांडायला निघाली. चाकं हळूहळू फिरत होती आणि चमकत होती. बाकड्यांवरची सगळी डोकी तिकडे वळलेली.

"मोतीलाल भाऊ," अक्का म्हणाली. ती मोठ्यानं बोलली. "मनी आंडेर दिसस का? बाजूथीन दिसस का?"

"दिसस, अक्का."

"बठ्ठासले दिसस?"

मोतीलालनं बाकड्यांकडे बघितलं. "हा, अक्का. बठ्ठासले दिसस."

पोरगी सगळ्यांना दिसते, हे जे ऐकू येऊ नये म्हणून तिनं तिला काळ्यात गुंडाळलं होतं, तेच तिनं स्वतः विचारून ऐकलं. माझ्या मनगटावरची पकड सुटली नाही. ती त्या सगळ्यांकडे वळली आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघून बोलली.

"मंग दखत ऱ्हा रे भाऊस्वन. रोज दखत ऱ्हा."